गंजलेले नट-बोल्ट सोडविण्याची रीत

सुगी उरकली व नांगर खोपीतून बाहेर काढला म्हणजे प्रथम दृष्टीस पडतो तो झिजलेला फाळ. नवा फाळ घालावा तर जुना निघावयास पाहिजे. आणि तो ज्या बोल्टांनी बसविलेला असतो, ते वर्षभराच्या मातीने, पाण्याने व खताने गंजून फाळाशी एकजीव झालेले असतात. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांची रीत ठरलेली आहे. पाना लावावयाचा, तो फिरला नाही तर त्यावर लोखंडी नळी चढवावयाची, नळीनेही भागले नाही तर घण उचलावयाचा. यात बोल्ट निघाला तर तो दैवाने निघाला म्हणावयाचे. बहुधा त्याचे डोके तुटते, आणि पाव तासाचे म्हणून हाती घेतलेले काम तालुक्याच्या वर्कशॉपात जाऊन पडते. बोल्ट काही फार महाग मिळत नाही. परंतु वळवाच्या आधी व्हावयाची नांगरट त्यापायी चुकली, तर सबंध हंगामास धक्का बसतो. प्रस्तुत लेखकास हा धक्का स्वतः सोसावा लागला, म्हणूनच ह्या किरकोळ वाटणाऱ्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमचे गाव कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यात आहे. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात जो महापूर आला, त्यात सांगलीस आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आमची खोप, तीतील पलटी नांगर, पेरणीयंत्र, फवारणीचे पंप ही सर्व अवजारे आठवडाभर पाण्याखाली होती. मी त्या वेळी महसूल खात्यात कारकून होतो. पूर ओसरल्यावर रात्री-अपरात्रीपर्यंत लोकांच्या नुकसानीचे पंचनामे व याद्या जुळविण्यात आमचे दिवस गेले, आणि घरच्या अवजारांकडे पाहावयास सवड झाली नाही. धाकट्या बंधूने नांगर गाळातून ओढून कडेस ठेवला. गाळ त्यावर तसाच वाळला.

पुढील वर्षी, म्हणजे २०२० च्या मार्चअखेर, मी स्वेच्छेने सेवानिवृत्त होऊन गावी आलो. टाळेबंदीचे दिवस होते. तालुक्याची दुकाने कधी उघडी, कधी बंद. वैशाखात नांगरट करावी म्हणून फाळ बदलावयास बसलो. नांगरास फाळ चार, प्रत्येकास बोल्ट दोन, एकूण आठ. कचेरीत तीस वर्षे बसलेल्या माणसास अंगमेहनत दाखविण्याची हौस असते. मी पान्यावर चार फुटी नळी चढविली व सर्व भार टाकला. पहिला बोल्ट कड्‌दिशी तुटला. दुसऱ्याच्या नटाचे कोपरे पान्याने खाऊन तो वाटोळा झाला. तिसऱ्यास पाना निसटला, आणि माझ्या उजव्या हाताची बोटे फाळाच्या धारेवर आपटून दोन ठिकाणी फाटली. बंधू म्हणाला, "दादा, आता राहू दे." पण मी राहू दिले नाही, आणि आणखी तीन बोल्ट तोडले.

शेवटी गावातील वृद्ध लोहारमिस्त्री येऊन त्यांनी तो प्रकार पाहिला. ते हसले नाहीत. उरलेल्या बोल्टांवरून अंगठा फिरवीत म्हणाले, "भाऊसाहेब, नांगर काय पळून चाललाय व्हय? रातभर तेल पिऊ द्या की त्याला." त्यांनी उरलेले तीन बोल्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोडविले, तेही अखंड. मी तोडलेले चार आणि वाटोळा केलेला एक काढावयास मात्र वर्कशॉप उघडण्याची वाट पाहावी लागली. जूनच्या आरंभी वादळाबरोबर पाऊस आला, आणि आमचे काळे रान नांगराविना भिजले. ओल्या काळ्या जमिनीत नांगर घातला असता काय होते, हे मी आपणांस सांगावयास नको. जी ढिपळे निघाली ती सोयाबीनच्या पेरणीपर्यंत फुटली नाहीत. पेरणीस बारा दिवस उशीर झाला, व उगवणही विरळ झाली.

मिस्त्रींकडून त्यानंतर जे शिकलो, व पुस्तकांतून जे ताडून पाहिले, ते येथे देतो.

प्रथम गंज म्हणजे काय ते पाहू. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज चढतो. पाणी व प्राणवायू यांपैकी एक नसेल तर लोखंड बहुधा सुरक्षित राहते. म्हणूनच आमचा नांगर पुराच्या खोल पाण्यात जितका गंजला नसेल, तितका पाणी ओसरल्यावर ओल्या गाळाखाली वाऱ्यावर पडून गंजला. त्याच दिवशी दोन घागरी स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा हात दिला असता तर पुढील अनर्थ पुष्कळसा टळला असता. खताने हे काम अधिक जलद होते. विशेषतः पोटॅशमधील क्षार लोखंडाचा मोठा शत्रू होय, आणि पेरणीयंत्राच्या खताच्या पेटीचे बोल्ट नेहमी प्रथम का अडकतात याचे कारण तेच. गव्हावरील तांबेऱ्याशी ह्या तांबड्या रोगाचा संबंध नाही; पण दिसल्यावर ताबडतोब उपाय करावा, हा नियम मात्र दोहोंस सारखाच लागू आहे.

आता बोल्ट अडकतो का? गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीहून अधिक, आणि काही प्रकारांत सहापटीपर्यंत तो फुगतो. नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. त्या फटीत गंज फुगून बसला म्हणजे लाकडी नांगरात ठोकलेल्या पाचरीसारखे त्याचे काम होते. शिवाय हेही लक्षात ठेवावे की, अगदी नव्या, कोरड्या बोल्टातसुद्धा आवळण्यासाठी लावलेल्या जोराचा सुमारे दहावा हिस्साच पकड निर्माण करण्यास उपयोगी पडतो. बाकीचा आट्यांच्या व नटाच्या तळाच्या घर्षणात खर्च होतो. तेव्हा तेल केवळ आट्यांत घालून चालत नाही. नटाच्या किंवा डोक्याच्या बुडाखालीही ते पोचले पाहिजे. ही गोष्ट अनुभवी लोकही विसरतात.

लाकडी नांगराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या आजोबांच्या नांगरास नट-बोल्ट नव्हताच. पाचर ठोकली की नांगर तयार, पाचर काढली की मोकळा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथील लोखंडी नांगर आमच्या भागात घरोघर झाले. नांगर लोखंडी झाला. परंतु त्याबरोबर पाना व तेलाची बुधली ठेवण्याची सवय मात्र अद्यापि सर्वांस लागलेली नाही.

कामास आरंभ करताना हाती पाना घेऊ नये. तारेचा ब्रश घ्यावा. नटाच्या बाहेर बोल्टाचे जे टोक आलेले असते, ते घासून आटे स्पष्ट दिसेपर्यंत साफ करावे. याचे कारण उघड आहे. नट सुटला म्हणजे त्यास ह्याच टोकावरून बाहेर यावयाचे असते. तेथे माती-गंज राहिला तर सुटलेला नट अर्ध्या वाटेत पुन्हा अडकतो, आणि बोल्ट बहुधा तेथेच तुटतो. ब्रश नसेल तर जुनी त्रिकोणी कानस किंवा कोयत्याचे टोकही चालते. त्याच वेळी आटे कोणत्या बाजूचे आहेत तेही पाहून घ्यावे. बोल्ट उभा धरला असता आट्यांच्या रेषा उजवीकडे चढत असतील तर तो नेहमीचा. डावीकडे चढत असतील तर तो उलट फिरतो. गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्याचा नट व धार लावण्याच्या यंत्राच्या डाव्या चाकाचा नट बहुधा असे उलटे असतात. मी एकदा असला नट अर्धा तास सोडवीत नव्हतो, तर आवळीत होतो.

नंतर तेल. कोणते तेल, याविषयी जितकी तोंडे तितकी मते आहेत. बाजारात गंज सोडविण्याचे फवाऱ्याचे डबे मिळतात, ते चांगले असतात. ते नसल्यास डिझेलमध्ये थोडे इंजिनचे तेल मिसळून वापरावे. डिझेल पातळ असल्यामुळे दिव्याची वात तेल ओढते त्या न्यायाने ते अरुंद फटीत शिरते, आणि जाड तेल मागे राहून वंगणाचे काम करते. पूर्वी यासाठी रॉकेल सर्रास वापरीत. आता ते सहज मिळत नाही. ट्रॅक्टरचे मेकॅनिक गिअरचे पातळ लाल तेल व अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरतात. त्याचा गुण चांगला येतो, परंतु अ‍ॅसिटोन झटकन पेट घेते व दोन्ही पदार्थ वेगळे होत राहतात. म्हणून ते हलवून वापरावे आणि जवळपास विडी-काडी असू नये. घरचे करडईचे किंवा जवसाचे तेल मात्र कदापि घालू नये. ही तेले वाऱ्याने सुकून चिकट रोगणासारखी होतात, आणि अडकलेला बोल्ट जास्तच अडकतो.

तेल नुसते वरून ओतले तर ते वाहून जाते. मिस्त्रींची युक्ती फार सुंदर आहे. झाडास आळे करतो तसे नटाभोवती चिकणमातीचे लहानसे आळे करावे व त्यात तेल भरावे. अवजार असे कलते ठेवावे की तेल आट्यांत उतरेल. संध्याकाळी भरावे, सकाळी पाहावे, जिरले असल्यास पुन्हा भरावे. एक दिवस व एक रात्र ही किमान मुदत समजावी. पुरात सापडलेल्या अवजारास तीन-चार दिवस दिले तरी ते अधिक नव्हेत. म्हणूनच हे काम नांगरट ज्या दिवशी करावयाची त्या दिवशी काढू नये; निदान आठवडाभर आधी काढावे.

तेल भरलेले असताना मधून मधून हातोडीने ठोकावे. ठोकणे म्हणजे झोडपणे नव्हे. नटाच्या एका बाजूस वजनदार हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर लहान हातोडीने दहा-वीस टोले द्यावेत. मग शेजारच्या बाजूंवर तसेच. ह्या हादऱ्यांनी गंजाची पापुद्री भेगाळते व भेगांतून तेल आत जाते. बोल्टाच्या टोकावर सरळ घाव घालू नये. टोक छत्रीसारखे पसरते, आणि मग त्यावरून नट येणे शक्यच नसते. घाव घालणे अगदी जरूर असेल तर टोकावर एक जुना नट बरोबरीने बसवून त्यावर घालावा. पंपाच्या जोडाचे बोल्ट सोडविताना तर फारच जपावे. पंप बिडाचा असतो. बीड हादरे सोसत नाही, तडकते. बोल्ट वाचला आणि पंप फुटला, असे मी पाहिले आहे.

आता पाना. त्याचे माप तंतोतंत पाहिजे. दहा मिलिमीटरच्या बोल्टास बहुधा १७ चा पाना लागतो, बारास १९ चा, सोळास २४ चा. जुन्या अवजारांस इंची माप असते. १९ चा पाना पाऊण इंची नटास चालून जातो, कारण फरक नाममात्र आहे. परंतु अर्ध्या इंची डोक्यास १३ चा पाना ढिला होतो आणि कोपरे खातो. उघड्या तोंडाचा पाना व स्क्रू पाना गंजलेल्या नटास लावूच नये. रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा, आणि त्यातही बारा कोनांपेक्षा सहा कोनांचा बरा, कारण तो नटास कोपऱ्यांवर न धरता सपाट बाजूंवर धरतो.

जोराचा हिशेबही एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. ८.८ ह्या खुणेचा बारा मिलिमीटरचा मजबूत बोल्ट आवळण्यास एक मीटर लांब दांड्याच्या टोकास सुमारे आठ किलो भार पुरेसा असतो. मी चार फुटी नळीवर चाळीस किलोचा भार टाकला असे धरले, तर त्याच्या सहापट जोर झाला. बोल्ट तुटला यात नवल काय? नळी लावूच नये असे नाही. पण ती लावल्यावर हाताच्या दोन बोटांस बोल्टाची हालचाल कळेल इतक्या बेतानेच ओढावे. पाना ढकलू नये, आपल्याकडे ओढावा; तो निसटला तर बोटे आपटत नाहीत. माझ्या उजव्या हातावर ह्या वाक्याची साक्ष अद्यापि आहे.

आणखी एक खुबी. सोडविण्यापूर्वी नट आवळण्याच्या दिशेने किंचित ओढावा. किंचित म्हणजे सुतभर. पुष्कळदा गंजाची पकड ह्या उलट हालचालीनेच प्रथम सुटते. नंतर सोडविण्याच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. नट करकरू लागला तर जोर वाढवू नये, थांबावे. बोल्ट रबरासारखा मऊ वाटून पाना फिरू लागला, आणि नट मात्र पुढे सरकलेला दिसत नसेल, तर बोल्ट पिळवटत आहे असे समजून हात तात्काळ आवरावा. कचेरीत दप्तराच्या रुमालाची गाठ आवळून बसली म्हणजे नवा शिपाई ती दातांनी ओढी. जुना शिपाई ती दोन्ही बाजूंनी मागे-पुढे ढकलून सैल करी. नट त्या गाठीचाच भाऊ आहे.

नांगराच्या फाळाचे बोल्ट वेगळ्या जातीचे असतात. त्यांचे डोके फाळात बुडालेले व मान चौकोनी असते. ती फाळाच्या चौकोनी भोकात अडकून बोल्ट फिरू देत नाही. मान झिजली की नटाबरोबर बोल्टही गरगर फिरतो, आणि पाना कितीही फिरविला तरी व्यर्थ. अशा वेळी डोक्याच्या कडेस फटीत छिन्नी ठोकून ते जखडावे व मग नट फिरवावा. तेही जमले नाही तर नट कापणे हाच मार्ग. नट कापणे यात कमीपणा नाही. जुना बोल्ट तसाही टाकूनच द्यावयाचा असतो. करवतीने नटाच्या एका बाजूस आट्यांच्या अलीकडेपर्यंत खाच घ्यावी व खाचेत छिन्नी ठोकली की नट उकलतो. विजेच्या कापण्याच्या यंत्राने हे लवकर होते. पण डोळ्यांवर चष्मा नसेल तर ते यंत्र हाती धरू नये, मग काम कितीही निकडीचे असो.

तेलाने काम भागले नाही तर आच द्यावी. लोखंड तापले म्हणजे प्रसरण पावते. बारा मिलिमीटरचा नट तीनशे अंशांनी तापविला तर त्याचे भोक सुमारे चार शतांश मिलिमीटरने वाढते, म्हणजे कागदाच्या जाडीच्या जवळजवळ निम्म्याने. हे थोडे दिसते, पण गंज भेगाळण्यास पुरते. अट एवढीच की आच नटास द्यावी, बोल्टास नव्हे. दोन्ही सारखेच तापले तर फारसा फायदा होत नाही. नट तापून जरा निवल्यावर त्याच्या कडेस मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आट्यांत ओढले जाते व वंगण होते.

आचेचे धोके मात्र नीट जाणून घ्यावेत. आधी घातलेले तेल पुसून टाकावे, नाही तर ते पेट घेते. अ‍ॅसिटोनचे मिश्रण घातले असेल तर तेथे आच देऊच नये. डिझेलची टाकी, तेलाच्या नळ्या, रबराची सीलें व बेअरिंगे जवळ असल्यास आच वर्ज्य. बंद पोकळ रूळ तापविला तर तो आतील वाफेने फुटू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टाचा धूर छातीस बाधतो, म्हणून ते काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करावे. फाळास आच लागली तर त्याचे पाणी उतरते व धार टिकत नाही. जो फाळ टाकावयाचाच आहे त्याची गोष्ट निराळी. ८.८ च्या खुणेचा बोल्ट एकदा लाल होईपर्यंत तापला की त्याचीही ताकद गेली; तो पुन्हा वापरू नये.

बोल्ट भोकातच तुटून राहिला तर पुढील काम जाणत्या कारागिराकडे द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. मधोमध सेंटर पंच मारून ड्रिलने भोक पाडणे व उलट आट्यांच्या हत्याराने तुकडा काढणे हे ऐकावयास सोपे वाटते. परंतु ते हत्यार फार कठीण पोलादाचे असून ठिसूळ असते, आणि ते आत तुटले म्हणजे साधे ड्रिल त्यावर चालत नाही. वेल्डिंग करणारा कुशल असेल तर तुटक्या टोकावर नवा नट जोडून तो फिरविणे ही अधिक भरवशाची रीत. त्यात वेल्डिंगची आचही उपयोगी पडते.

बोल्ट बसविताना घेतलेली काळजी पुढच्या वर्षी सोडविताना कामास येते. आट्यांस व नटाच्या बुडास ग्रीस, मिळाल्यास ग्रॅफाइटचे ग्रीस, लावावे. मात्र वंगण लावलेला बोल्ट कमी जोराने आवळला जातो; सवयीच्या जोराने आवळाल तर तो ताणला जाईल. बाहेर आलेल्या टोकावरही ग्रीस थापावे. जुने वायसर चपटे झाले असल्यास नवे घालावे. नांगर खोपीत ठेवण्यापूर्वी धुवावा, खताची पेटी तर त्याच दिवशी संध्याकाळी धुवावी, आणि कोरडी झाल्यावर जुन्या इंजिन तेलाचा हात सर्व बोल्टांवरून फिरवावा. आमच्या घरी हे काम आता बंधूची मुलगी करते. नांगराच्या कोणत्या बोल्टास कधी तेल दिले, याची नोंद तिने भिंतीवर खडूने ठेवली आहे.

नवे बोल्ट आणावयास जाताना जुना बोल्ट खिशात घालून न्यावा. नुसते "नांगराचे बोल्ट द्या" म्हटले तर दुकानदार देतो ते कधी आखूड निघतात, कधी त्यांची मान गोल असते. लांबी, जाडी, मानेचा चौकोन व आट्यांची दाटी जुन्याशी ताडून पाहावी, आणि नट तेथेच हाताने फिरवून पाहावा.